दोन स्टंपांचं कार्ड

तळेगाव, रविवार

श्री. रा. रा. सखारामभाऊ यांस,
त्र्यंबकचा नमस्कार. तिकोणा पेठेत सगळी सुखरूप असालच. गुडघ्याला तेल चालू आहे ना? वहिनींना सांगा, त्यांनी दिलेला इंद्रायणी तांदूळ अजून पुरतोय (मी एकटाच जेवतोय म्हणून नव्हे).

तर कान्हे गावची क्रिकेट स्पर्धा. नियम एक गाव, एक संघ, पण दरवर्षी कुणीतरी मुंबईचा बोलर गावचा भाचा म्हणून घुसवतंच. यंदा खेळाडूंची ओळखपत्रं आपल्या प्रेसने छापली. कुणी नक्कल करून दाखवाच, असं मी मंडळाला बजावलं. कार्डाची कड साधी रेघ दिसते, पण भिंगाखाली बघाल तर 'मावळ मावळ' अशी मुंगीहून बारीक अक्षरं! फोटो काढून छापलं की त्यांचा नुसता चिखल होतो. शिवाय माझी खास चाल म्हणजे चित्रात मुद्दाम दोनच स्टंप. (खोटं कार्ड करणारा शहाणा तिसरा हमखास घालणार.) हे मी रजनीलाही सांगितलं नाही. गुपित म्हणजे गुपित. आणि तुमच्या बहिणीची नजर तुम्ही जाणताच. तिने छपाईआधी चूक समजून तिसरा स्टंप घालून टाकला.

स्पर्धेच्या सकाळी मी फाटकावर खुर्ची टाकून बसलो. पहिलं कार्ड खोटं. दुसरं खोटं. दहा संघ परत पाठवले. फाटकावरचा नथू म्हणाला, "भाऊ, समदीच खोटी, मंग खेळायचं कुनी?" इतक्यात दोन स्टंपांचं एक कार्ड आलं! मी त्या पोराला मिठीच मारली. (तोच मुंबईचा बोलर. रजनीचा हात लागण्याआधीचं नमुन्याचं कार्ड मी अभिमानाने दुकानाच्या काचेला चिकटवलं होतं, त्याचा फोटो कुणीतरी काढला असणार.) मग तिसरा स्टंप कुणाचा हे डोक्यात आलं, आणि रजनीला फोन लावून चांगलंच झापलं. समालोचकाचा माईक शेजारीच चालू होता, मला काय ठाऊक! अख्ख्या मैदानाने ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगितलं होतंत का?" आणि भिंग घेऊन रिक्षाने आली. (मी भिंग नेलं नव्हतं. एवढ्या मोठ्या स्टंपला भिंग कशाला?) तिने कडा तपासल्या, बोलरला बाहेर काढलं, अर्ध्या तासात खेळ सुरू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हातात कार्डं होती.

थोडक्यात, माझं तंत्र बिनचूक ठरलं. पुढच्या वर्षी अख्ख्या तालुक्याची कार्डं आपलीच. (तपासायला मात्र रजनीताईच हव्यात, अशी मंडळाची अट आहे.)

आपला,
त्र्यंबक
____________________

ता. क. रजनी मैदानावरून थेट तुमच्याकडे आली, त्याला आज नऊ दिवस झाले. तिला पाठवा. मंडळाचं जाऊ द्या, मला करमत नाही.

पुन्हा ता. क. सहीखालची रेघ ही रेघ नव्हे, मी ती मुद्दाम छापून घेतली आहे. तुम्ही डोळे ताणू नका, पत्र रजनीच्या हातात द्या. भिंग तिच्याच पर्समध्ये आहे. (ओरडायचं माईकवर आणि माफी एवढ्या बारीक अक्षरात, असं ती म्हणेल. म्हणू दे, पण घरी येऊन.)