नव्या कॅराव्हॅनचं वजन आणि माझी चिनी भांडी

२ मे, सकाळ
मुलाच्या गाडीमागे जोडून ओढत न्यायला नवी कॅराव्हॅन पसंत केली. जूनमध्ये ॲपलबीच्या घोड्यांच्या जत्रेत हिच्या मोठ्या खिडकीत माझी सोनेरी काठाची चिनी भांडी मांडायची आणि नणंदेची जिरवायची. गेल्या जत्रेत मिझेली वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनीची भांडी राजवाड्यातली, गाडी मात्र कोंबड्यांची." विसरले नाही.
मी सांगतेय, नात सिंफी लिहितेय. मला वाचता येत नाही म्हणून काही गाळलंस तर बघ.

३ मे
दुकानदार म्हणे, आजी, हिच्यात सामान एकशे साठ किलोच भरायचं, जास्त नाही. म्हटलं, हा हिशेब भिंतीत राहणाऱ्यांचा. दोन खुर्च्या घेऊन सहलीला जाणारी माणसं ती. आम्ही जिप्सी, जन्मभर चाकांवर राहतो. मुलगा नेल्सन म्हणाला, "आई, चाकांना हे कुठं कळतं?" त्याला तोंड फार.

१२ मे
तोड सापडली! आत संडास, शॉवर, सगळं बसवलेलं. जेवायचं तिथंच संडास! शी. उपटून काढायला लावलं. तेवढं वजन वाचलं. दुकानदाराने कपाळाला हात लावला. आनंद झाला असावा.

२० मे
संडासाच्या जागी ओकचं काचेचं कपाट. कपाट म्हणजे गाडीचाच भाग. भांडी म्हणजे शोभा. शोभेला कसलं वजन?
स्टीलची घमेली चार. ताटांचं वेगळं, भाजीचं वेगळं, फडक्यांचं वेगळं, अंग धुवायचं वेगळं. नेल्सन म्हणे, एक कमी कर. उद्या म्हणेल, आंघोळीच्या पाण्यात कप विसळ.

१ जून
सामान कमी करायचा पक्का निश्चय. नेल्सनचे जुने बूट काढून टाकले. गाडी बरीच हलकी वाटतेय.

४ जून, रस्त्यात
पोलिसांनी अडवून धान्याच्या लॉऱ्यांच्या वजनकाट्यावर नेलं. जवळजवळ दोनशे किलो जास्त. काटा बिघडलेला. पोलीस पोरगा गोड, पण हट्टी. सामान उतरवल्याशिवाय हलायचं नाही म्हणे. एकेक वस्तू समजावून सांगितली, सगळ्याच गरजेच्या. शेवटी म्हटलं, मीच उतरते. म्हणाला, "आजी, तुम्ही मुळात पुढच्या गाडीत बसलाय."
तेवढ्यात मागून मिझेली वन्संची लॉरी. थांबायची काही गरज होती का? "द्या हो वहिनी, कपाट, भांडी, सगळं माझ्याकडे. माझ्या लॉरीला काही होत नाही."
नेल्सनने मला न विचारता कपाट आणि भांड्यांची खोकी उचलली.

६ जून, जत्रा
वन्संच्या खिडकीत माझी भांडी. "खोक्यात गुदमरली असती, म्हणून मांडली." बघायला ही गर्दी. माझ्या गाडीत चार घमेली आणि संडासाच्या जागी भोक. बायका डोकावतात, म्हणतात, मोकळं मोकळं आहे हो.

संध्याकाळी वन्संनी चहाला बोलावलं. जाणार नव्हते. गेले. माझाच कप, माझीच बशी. हातात देताना म्हणाल्या, "सांभाळून हं वहिनी, फुटेल."
दोन्ही हातांनी धरला.