ग्लास कुणाचा होता

पुरुषोत्तमनगर, ता. शहादा
बुधवार, १९ मार्च २०२५

जागृती, आणि जागृतीच्या आजूबाजूला बसून हे ऐकणाऱ्या पाड्यावरच्या माझ्या बंधुभगिनींनो,

आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपण बोलतो, पण आपलं बोलणं कुणी लिहून घेत नाही. ज्या जमिनीवर तुमच्या चार पिढ्या राबल्या, त्या जमिनीवर तुम्ही होतात याचा कागद नाही. कागद नाही म्हणून दावा नाही, आणि दावा नाही म्हणून तुम्हीच नाही! हा अन्याय…

बघ. चार ओळी झाल्या नाहीत तोच माझा आवाज चढला. कागदावरसुद्धा मला समोर माईक दिसतो. हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीच्या तिन्ही कागदांवर भाषणच झालं, तेही चांगलं झालं, म्हणून फाडलं.

तर साधं लिहितो. तू बरी असशील. तोरणमाळची यात्रा आटोपली, दुकानं उठली असतील. मोह पडायला लागला असेल, तू टोपली घेऊन जात असशील. इकडे दादर ज्वारी काढून झाली. यंदा दाणा टपोरा आहे. केळीला पाणी कमी पडतंय. आईचा गुडघा दुखतो तसा दुखतोच आहे. सिंधूने तुझी आठवण काढली, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. माझ्या बायकोने तुझी आठवण काढली नाही. मी काढतो, पण घरात कुणाला ऐकू जाईल अशी काढत नाही.

पत्रासोबत लखनच्या जीपने एक पुडकं पाठवलंय. आधी ते उघड. आत तुझ्या लॅपटॉपमधली डिस्क आहे, शहाद्याच्या दुरुस्तीवाल्याने ती तेवढी सुखरूप काढून दिली. एकोणचाळीसही घरांचे दावे त्यात आहेत, म्हाताऱ्यांचे सगळे जबाब आहेत. मी उघडून पाहिलं. तुळशीबाईंचा जबाबही आहे. "या मोहाखाली माझं लग्न लागलं. झाडाचं वय काढा, मग मला विचारा मी इथं कधीपासून." तो मी तीनदा वाचला. मी तीस वर्षं भाषणं करतोय, इतकं नेमकं वाक्य मला एकदाही सुचलं नाही. तू ते ऐकलंस आणि होतं तसं उतरवलंस.

डिस्क मिळाली म्हणून तू परत ये, असं मी म्हणत नाही. ती तुझीच आहे. पत्र अर्ध्यावर फेकून दिलंस तरी तुझीच राहील.

आता त्या रविवारचं. तुला सगळं माहीत आहे, पण पाड्यावर जे पोचलं ते वेगळं आहे, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

२३ फेब्रुवारीला माझ्या ओट्यावर समितीची बैठक होती. वनहक्क दाव्यांच्या सुनावणीची तयारी. टेबलावर तुझा लॅपटॉप. समितीचा नव्हे, तुझा, शिष्यवृत्तीतून घेतलेला. रसवंतीवरून कॅन भरून रस आणला होता, बर्फ आणि लिंबू घालून. सिंधूने सगळ्यांना दिला. मी उभा राहून बोलत होतो. बोलता बोलता म्हणालो, "चारशे कुटुंबांचा हा प्रश्न आहे!"

तू स्क्रीनवरून मान वर न करता म्हणालीस, "सर, एकोणचाळीस."

माझा चुलतभाऊ छगन फिसकन हसला. "नवनीतभाऊ, एखादं शून्य तं कमी कर! सरकारले बी जड जाई." मग सगळेच हसले. तूही हसलीस, थोडीशी.

आणि मी टेबलावर मूठ आपटली.

माझी ती मूठ सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. लोक म्हणतात, नवनीत पाटलांनी मूठ आपटली की टाळी पडते. त्या दिवशी ग्लास पडला. तुझ्या लॅपटॉपच्या अगदी कडेला ठेवलेला स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला. सगळा रस बटणांवर. बर्फाचा एक खडा घरंगळत बरोबर मध्ये जाऊन बसला.

मूठ मुद्द्यासाठी आपटली, असं मी स्वतःला आठ दिवस सांगितलं. मुद्दा कसला? तू मला चारचौघांत सुधारलंस, तो राग होता.

तुझं डोकं त्या वेळीही ठिकाणावर होतं. तू वायर ओढलीस, बटण दाबून धरून तो बंद केलास, उलटा केलास. म्हणालीस, "आता चालू करू नका कोणी. दोन दिवस तरी नाही. शहाद्याला नेऊन उघडायला लागेल." ओट्यावर चौदा माणसं होती. त्या यंत्राबद्दल माहिती असलेली तू एकटी. म्हणून तुझं सोडून आम्ही बाकी सगळ्यांचं ऐकलं.

छगन म्हणाला, "चालू व्हस का नई, देखी तं ले!" आणि त्याने चालू केलाच. पडदा निळा झाला, मग काळा.

मग आई आतून आली. "मन्ही कोठीमा दादर शे. त्यामा दाटी दे. चार दिनमा खडखडीत व्हई जाई."

तू म्हणालीस, "आजी, नको, त्या दादरमध्ये राख आहे."

खरंच होतं ते. आमच्याकडे दादरला कीड लागू नये म्हणून राख कालवून कोठी भरतात, हे तुला माझ्या घरात येऊन-जाऊन माहीत झालेलं. मला जन्मापासून माहीत. पण मी तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मी जुन्या माणसांच्या शहाणपणावर बोलायला लागलो. ठिबकणारा लॅपटॉप हातात धरून, जागृती, पाच मिनिटं! पुस्तकांतले दाखले दिले. खाली फरशीवर रसाचं थारोळं, त्याला मुंग्या लागायला लागल्या होत्या. मग स्वतःच्या हाताने मी तो कोठीत कोपरापर्यंत खुपसला.

चार दिवसांनी मी तो शहाद्याला, स्टँडजवळच्या मिथुनच्या दुकानात नेला. त्याने तळ उघडला. रसाचा पाक आणि त्यात बसलेली राख. भिंतीला गिलावा करावा तसं आत लिंपलेलं.

"सर," तो म्हणाला, "हाई लॅपटॉप शे का चुल्हा?"

मी म्हटलं, चूक झाली.

"चूक रस सांडानी नई व्हती. रस सगळास्ना सांडस. उलटा करीसन लगेच आना असता तं मी धुईसन, सुकाडीसन दिधा असता. राख कोन्ही टाकी?"

मी म्हटलं, घरातल्या म्हातारीने.

हे वाक्य लिहून मी उठलो होतो. अंगणात दोन चकरा मारून परत बसलोय. पाहिलंस? मिथुनच्या दुकानातसुद्धा मी माझ्या ऐंशी वर्षांच्या आईचं नाव पुढे केलं. मला ही सवयच आहे.

तर आता ते.

रस सांडल्यावर, पहिल्या क्षणाला, अजून कुणी जागचं हललंही नव्हतं तेव्हा, मी एक वाक्य बोललो. "हा ग्लास इथे कुणी ठेवला?"

मी कुणाचं नाव घेतलं नाही. आरोप केला नाही. प्रश्न विचारला फक्त. तीस वर्षं व्यासपीठावर काढलेल्या माणसाला प्रश्न कसा टाकायचा हे समजतं, आणि तो टाकल्यावर माना कुठे वळतात हेही समजतं. तेरा माना तुझ्याकडे वळल्या. लॅपटॉप तुझा, टेबलाशी तू, म्हणजे ग्लासही तुझा. छगन म्हणाला, "पोरीस्नी ध्यान ठेवाले पाह्यजे." मी गप्प राहिलो. मी! मी कधी गप्प राहतो का?

तूही काही बोलली नाहीस. फक्त खाली पाहिलंस. सगळ्यांना वाटलं, चूक समजली, लाजली.

दोन दिवसांनी समितीने ठराव केला की नोंदींचं काम यापुढे माझा पुतण्या योगेंद्र पाहील. ठरावाखाली पहिली सही माझी. महाशिवरात्रीला तू यात्रेच्या गर्दीत वर पाड्यावर निघून गेलीस. पाड्यावर बातमी पोचली की जागृतीने रस सांडला, म्हाताऱ्यांचे जबाब बुडाले. तुळशीबाई तुझ्याशी बोलत नाहीत, हे लखनने मला सांगितलं. मी म्हटलं, "बोलतील हळूहळू."

मागच्या गुरुवारी शहाद्याला सभा होती. म्हटलं, इथेच सांगून टाकू, चार लोकांसमोर. उभा राहिलो आणि सुरुवात केली, "मित्रांनो, आज मी तुमच्यासमोर गुन्हेगार म्हणून उभा आहे!" मग मी अहंकारावर बोललो. नेत्याने कसं वाकलं पाहिजे यावर बोललो. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं आपोआप होत गेलं. बायका डोळे पुसत होत्या. शेवटी टाळ्या थांबेनात. छगनने हार घातला. "वा भाऊ, असं मोठं मन लागतं!"

घरी येताना बसमध्ये लक्षात आलं. अख्ख्या भाषणात मी ग्लासाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. तुझं नावही घेतलं नव्हतं.

गेल्या रविवारी पुन्हा बैठक झाली. तुझ्या जागी योगेंद्र. त्याला एकोणचाळीस नावं वाचता येईनात, पाड्यांची नावं चुकत होती. सिंधू रस घेऊन आली. तिने योगेंद्रसमोर ग्लास ठेवला. स्टीलचा.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. कपबशांच्या मागे, फळीच्या टोकाला, कागदी कपांचा पुडा आहे. पन्नासांचा. त्यात अकरा उरलेत. तू गेल्यापासून अकराचे अकरा आहेत. माझ्या घरात कागदी कपातून दुसरं कुणी पीत नाही.

त्या दिवशी तू खाली काय पाहत होतीस, ते मला त्याच दिवशी माहीत होतं. तुझ्या पायाशी तुझा कागदी कप होता. अर्धा प्यायलेला. स्टीलचा ग्लास तुझा असणं शक्यच नव्हतं, कारण माझ्या घरात तुला स्टीलचा ग्लास चार वर्षांत कधी मिळालाच नाही. "सर, माझा कप हा बघा," एवढं म्हणाली असतीस तर सुटली असतीस. पण मग त्या ओट्यावर दुसरीच गोष्ट उघडी पडली असती. समतेवर बोलणाऱ्या नवनीत पाटलांच्या घरात पाड्यावरच्या मुलीला वेगळा कप का? तू ते झाकलंस. का झाकलंस ते मला कळत नाही, आणि विचारायचा हक्क मला नाही.

सिंधूवर ढकलणार नाही. पुडा शहाद्याहून तीच आणते. पण चार वर्षं मी तो कप पाहिला. एकदा मनात आलं होतं की म्हणावं, "अगं, तिलाही ग्लास दे." मग वाटलं, घरात कशाला वाद. घराबाहेर मी वादाशिवाय दुसरं काही केलेलं नाही. परवा सिंधूला सांगितलं. ती म्हणाली, "मग चार वर्षं तुमचं तोंड कुठे होतं?" आमचं तेव्हापासून बोलणं बंद आहे. तिचा प्रश्न बरोबर आहे.

ग्लास माझा होता. मीच तिथे ठेवला होता, बोलताना घोट घ्यायला हाताशी हवा म्हणून. मूठ माझी होती. लॅपटॉप कोठीत मी खुपसला. ठरावावर सही माझी. जागृतीच्या हातून एक थेंबही सांडलेला नाही. तुळशीबाई, हे तुम्हाला सांगतोय.

ठराव रद्द करण्याचा माझा अर्ज आणि समितीचा माझा राजीनामा पुडक्यात खाली आहे. २७ तारखेच्या सुनावणीला दावे कुणी मांडायचे हे पाड्याने ठरवावं. माझं मत विचारू नये.

आता एकच मागतो. येत्या रविवारी पाड्यावर सगळे जमतील. मीही येईन, मागे जमिनीवर बसेन, बोलणार नाही. मी बोललो की काय होतं ते तुला सांगितलं. म्हणून हे माझ्या तोंडून नको. तुझ्या आवाजात हवं, एकोणचाळीस नावं वाचतेस तशा कोरड्या आवाजात. तू नाही म्हणालीस तर मी समजेन. पण तुझ्यावरचा आळ चारचौघांत आला, तो चारचौघांतच उतरला पाहिजे.

जागृती, रविवारी उभी राहा आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाच. कागदी कपाचा भाग गाळू नकोस. मध्ये कुणी टाळी वाजवली तर थांब, आणि ते पान पुन्हा वाच.

ज्याचा ग्लास होता तो,
नवनीत