शेवटच्या नाचाची धून

लेस्टर, ३ मार्च २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सोळा तारखेच्या कॉन्ट्रा डान्ससाठी धून निवडायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. समोरासमोर दोन लांब रांगा, नाचाची पावलं पुकारणारी मायरा आणि माझं व्हायोलिन, इथलं फिडल. मायरा म्हणते, धून साधी हवी, बरोबर बत्तीस बारांची, म्हणजे आवर्तनांची. आता वळायचं, हे पायांना आपोआप कळलं पाहिजे. पण मला एक भन्नाट सापडलीय, मधेच दोन ठोके जास्त. इथे तिला वाकडी धून म्हणतात. ऐकशील तर वेडी होशील! भाऊजींना घेऊन ये.

तुझ्या बोलण्यांचा हक्काचा धनी,
जयंत

स्टॅनमोर, ८ मार्च

चि. जयंतास अनेक आशीर्वाद.

दोघंही येतोय. ह्यांनी नवे बूट घेतलेत आणि सत्तरीचा माणूस किचनमध्ये ओव्हनसमोर गिरक्या घेतोय. निधी बाबांचे व्हिडिओ काढून हसते. पण त्यांचा गुडघा तुला ठाऊक आहे. मायराचं ऐक. लोक नाचायला येतात, तुझी मैफल ऐकायला नाही. वाहवेची हाव तुला लहानपणापासूनच. रागावलास तरी जेवायला थांबणारच आहोत.

तुझी,
ताई

लेस्टर, ३० मार्च

ती. ताईस,
सा. न.

तू फोन लगेच ठेवून दिलास, म्हणून लिहितो. शेवटच्या नाचाला मायरानं साधी धून सांगितली होती. मी मान डोलावली आणि वाकडी वाजवली. अर्धी रांग वळली, अर्धी थांबली. मधे सापडलेल्या भाऊजींना कुणाचा तरी खांदा लागला. ते पडताना मला दिसले. तरी मी ती फेरी पुरी वाजवली.

खुब्याचं ऑपरेशन, मग न्यूमोनिया. अकरा दिवसांत सगळं संपलं. सगळे म्हणतात, त्यांचा पाय घसरला. तसं नव्हतं, ताई.

जयंत

स्टॅनमोर, ९ एप्रिल

चि. जयंत,

काल अंत्यविधीला तू मागच्या बाकावर बसलास आणि निधीशी न बोलता निघून गेलास. तुझी चूक नव्हती, असं मी लिहिणार नाही. हॉस्पिटलमध्ये ह्यांनी दोनदा विचारलं, जयंत जेवला का. मी उत्तर दिलं नाही; ती जास्तीची दोन ठोक्यांची धून मीही ऐकली होती, तेव्हा मला तुझं नावही नको होतं. ते उत्तर आता राहूनच गेलं.

तुझं पत्र मी निधीला दाखवलेलं नाही. तिचा बाप कसा पडला, हे तिला तू सांगायचंस, तिच्यासमोर बसून. रविवारी ये. मी वर खोलीत असेन. दार निधी उघडेल.

माया आटलेली नाही, पण तूर्त ती मागू नकोस.

ताई