जेडच्या कुंडीला पाणी कोण घालते?

डहाणू,
१८ सप्टेंबर २०१७

सौ. जिजाताई विहीणबाई यांना कुमुदिनी सावेचा नमस्कार.

तुम्ही, व्याही आणि तुमचे गुडघे असे तिघेही बरे असाल. योगिताची तब्येत माहेरच्या हवेने सुधारली आहे असे धनेश रविवारी तलासरीहून आल्यावर म्हणाला. (तो फक्त 'बरी आहे' म्हणाला, बाकीचे मी जोडले. माझ्या मुलाच्या तोंडून सहा शब्दांचे वाक्य निघाले तर मी पेढे वाटीन.) बाळंतपणाची काळजी तुमच्यावर सोपवून मी निश्चिंत आहे. इकडे सर्व ठीक आहे.

फोन न करता पत्र का, असे वाटेल. तुमच्याकडे फोन योगिता उचलते. शिवाय एकतीस वर्षे टेलिफोन खात्यात काढल्यावर फोनवर काय बोलू नये एवढे मला कळते.

तर, योगिताचे जेडचे झाड. लग्नात तुम्ही रीतीप्रमाणे अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण दिलात, आणि तुमच्या ओटीवरच्या जेडची एक फांदी तिने स्वतःहून डब्यात घालून आणली. 'आई, पहिल्या दिवशी या घरात ओळखीचं असं हेच एक होतं,' असे ती मला एकदा म्हणाली होती. चार वर्षांत ते गुडघ्याएवढे झाले. जुलैअखेर तलासरीला निघताना ते तिने माझ्या हवाली केले आणि फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली : 'जेड घरातच, खिडकीजवळ. सकाळचे ऊन. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. कृपया प्रेमाने पाणी घालू नये.' या शेवटच्या वाक्याचा मला राग आला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई आहे. आमच्या सिस्टर छडी घेऊन उभ्या असत, तिथे प्रेमाने काही करायची सवय कोणाला लागणार?

मी रोज सकाळी चहाआधी मातीत बोट घालून पाहू लागले. ओली. दुसऱ्या दिवशी ओली. दहाव्या दिवशीही ओली. मी एक थेंब घातला नव्हता! समुद्राची दमट हवा म्हणून खिडकी लावली. तरी ओली. पंखा लावला. ओलीच. मग पाने पिवळी पडून मऊ झाली आणि टपटप गळू लागली. त्यात मुंग्या आल्या. जेडला मुंग्या का याव्यात? मी चाखून पाहिली नाही, पण माती चक्क गोड वासाची झाली होती. वाणगावच्या नर्सरीवाल्या नविनला विचारले, तर तो म्हणतो, 'मावशी, पाणी कमी करा.' शून्यातून कमी कसे करायचे हे त्याने सांगितले नाही. माझा स्वतःवरचा विश्वास उडाला. साठीनंतर आपणच पाणी घालून विसरत असू का, या शंकेने मी तांब्यांवर खडूने खुणा केल्या. त्या कोणी तरी घासून टाकल्या.

साहजिकच मी बुधीबाईला धरले. (ही आमच्याकडे कैनाडहून कामाला येते. भांडी तीच घासते.) ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'मी नाय घातला पाणी. माझ्या घरी मोप झाडां हात, तुझ्या एका झाडाशी माझा काय वैर? तुझ्या म्हाताऱ्याला इचार.' मी म्हातारा या शब्दावर हरकत घेतली आणि मुद्दा तिथेच राहिला. चूक माझी.

परवा खोडच कलंडले. बुधीबाईने वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केली. मुळे उकडलेल्या रताळ्यासारखी. आणि त्या चिखलातून, झेंडूच्या कुजक्या पाकळ्या आणि दूर्वा यांच्या मधोमध, हातात लोणी घेऊन रांगत बाहेर आला तो तुमचा बाळकृष्ण!

मी यांच्याकडे पाहिले. यांचा चेहरा लगेच पूजेला बसल्यासारखा झाला. उलगडा असा : देवघर हे यांचे खाते, मी तिथे उदबत्तीपुरती. देवांच्या आंघोळीचे पाणी पायदळी येऊ नये म्हणून हे ते रोज, तिसऱ्या मजल्यावरच्या एकमेव कुंडीत, मी अंघोळीला गेले की ओतत होते. संकष्टीला पंचामृतही. निर्माल्य मला दिसू नये म्हणून बोटाने मातीत दाबत होते, आणि ऑगस्टमधल्या संकष्टीला फुलांबरोबर बाळकृष्णही दाबला गेला.

'मग मला सांगितलं का नाहीत?'

'तू ओरडली असतीस.'

'आणि देव्हाऱ्यात त्याच्या जागी काय ठेवलंत?'

'सुपारी. वर फूल.'

म्हणजे महिन्याहून अधिक काळ मी सुनेच्या सुखरूप सुटकेसाठी हात जोडत होते ते सुपारीला. बुधीबाई तोंडाला पदर लावून हसत स्वयंपाकघरात गेली. जाताना मात्र कुजक्या खोडावरचा बोटभर चांगला तुकडा तोडून तिने खिडकीत ठेवला. 'दोन-चार दीस सुकू दे. मग कोरड्या मातीत खोव आणि इसर त्याला.' घरात अक्कल कोणाला आहे ते परवा ठरले. तिची मी माफी मागितली. (मराठीत मागितली, इंग्रजीत सोपी गेली असती.)

बाळकृष्णाला चिंचेने घासून जागेवर बसवले आहे. तो पूर्वीपेक्षा उजळ दिसतो. व्याह्यांना नमस्कार, योगिताला अनेक आशीर्वाद.

तुमची विहीण,
कुमुदिनी सावे

ता. क. इकडे सर्व ठीक आहे असे वर लिहिले आहे ते वाचू नये. तुमच्या ओटीवरच्या मूळ जेडची गुडघ्याएवढी फांदी धनेशबरोबर पाठवाल का? बाळाला घेऊन ती उंबऱ्यात उभी राहील तेव्हा खिडकीत तिचे झाड दिसले पाहिजे, बाकी काही मागत नाही. शेवग्याच्या शेंगांत बांधून द्या. तो काय नेतोय हे विचारणार नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र योगिताच्या दृष्टीस पडू नये. आत्ता आठवले, तुमचा चष्मा फुटल्यापासून पत्रे तीच वाचून दाखवते. तेव्हा योगिता, पाय वर ठेवून बस आणि सासऱ्यांवर रागावू नकोस. माझ्यावर रागव, पण बेताने.

ता. क. तिसरा, चार दिवसांनी. पत्र पेटीत टाकायचे राहिले. बुधीबाईचा तुकडा काल नव्या कुंडीत खोवला. आज सकाळी माती ओली. यांनी बाळकृष्णाची शपथ घेतली, बुधीबाईने तिच्या कोंबड्यांची. दोघेही खरे बोलत आहेत. मी दोनच चमचे घातले. खिडकीत तो तुकडा अगदी एकटा दिसत होता. फांदी एक नको, दोन पाठवा.