चष्म्याच्या डबीतला पक्षी

रवि. १७ नोव्हें. ९६
काय सापडलं म्हणून सांगू! मागच्या गच्चीत केर काढताना कुंडीमागे हमिंगबर्ड. मेलेला. बोटाएवढा, पोट पिवळं, चोच लांब, बाकदार. हे धावत आले, "अगं, हमिंगबर्डच! पुस्तकात बघितलाय मी." बंगळूरच्या आमच्या बसवनगुडीत हमिंगबर्ड! सासूबाई : "आधी बाहेर टाक ते, मग आंघोळ कर." टाकते कसली! चष्म्याच्या रिकाम्या डबीत घालून फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेमागे. सासूबाईंना पत्ता नाही.

सोम. १८
पत्ता लागला. अख्खा फ्रीज धुवायला लावला.
बँकेत सगळ्यांना सांगून झालं. मॅनेजर तर म्हणाले, पेपरला कळवा. संध्या. डबी घेऊन शेजारच्या मूर्ती सरांकडे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. न उघडताच हसले. "हमिंगबर्ड नम्म देशदल्लि इल्लम्मा." आपल्या देशात नसतोच म्हणे! डबीत शिंजीर निघाला, फुलांतला मध पिणारा आपला इथलाच पक्षी. अय्यो, काय फजिती.
निघताना सहज म्हणाले, तुमच्या कपड्यांच्या तारेवर घरटं लोंबतंय ना, तेही शिंजिराचंच. त्यात दोन पिल्लं आहेत. मग डबीतली त्यांची आई तर नव्हे? दोन दिवस घरट्याकडे कोण येतं-जातं, बघितलंच नाही. पिल्लं ओरडतायत आणि मी बँकेत मिरवतेय. लाज वाटली.

मंगळ. १९
सकाळी सातला सरांची बेल. "सर, नर की मादी, तेवढं सांगा." भिंग, टेबललॅम्प, जाडं पुस्तक. घरट्यातल्या जातीच्या मादीचा गळा पांढुरका असतो. आमच्या डबीतल्याचा पिवळा, आणि मधोमध पोटापर्यंत काळा पट्टा. सर खुर्चीतून उठलेच! नर! आणि जातच वेगळी, जांभळा शिंजीर. विणीनंतर रंग उतरला की मादीसारखा दिसतो.
म्हणजे पिल्लांची आई नाही ही! पाया पडले सरांच्या. खरंच पडले. यांना ऑफिसात फोन केला, तेही ओरडले तिकडून.

बुध. २०
रजा टाकली. कारण : पोटदुखी. आठपासून दाराआड. सव्वाआठला नर आला, तांबूस पाठीचा, चोचीत कोळी. भरवून भुर्र! असा आनंद झाला! तासात चार खेपा. चारही त्याच्याच. दहा, अकरा, तोच. एकटा.
ती कुठाय?
सर म्हणतात भरवेल तो, पण ऊब आईच देते, आणि थंडी तर वाढलीय. मेलेली ती नव्हे म्हणून काल नाचले. ती आहे, असं कुठे कळलं होतं?
सासूबाई पाट घेऊन शेजारी येऊन बसल्या. त्याही घरट्याकडे बघू लागल्या. मग, "सरी, बरं, तू जेवून घे. मी बघते. आली की हाक मारते."
जेवतेय. ताटाशेजारी वही. एक वाजून गेला, हाक अजून—