आवाज आहे तसा

प्रिय शिवतेज,

आज सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६, सकाळचे सव्वादहा. सांगलीत स्टुडिओवर बसून तात्यांचा व्हिडिओ तुझ्या बटनाच्या मोबाईलवर चालेल असा करतोय. तुझ्या पलटणीतल्या जयराजची रजा संपली, दुपारच्या गाडीने तो तुमच्या चौकीकडे निघतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि मेमरी कार्ड देतो. काकींनी लेकासाठी लाडूही दिलेत. जयराजने वाटेत संपवले नाहीत तर मिळतील.

इथल्या लग्नाच्या व्हिडिओंच्या सॉफ्टवेअरमधून तुझ्या जुन्या मोबाईलची फाईल निघत नाही. म्हणून काळ्या खिडकीत हुकूम टाइप करावा लागतो. चित्र केवढं, आवाज कसा, प्रत्येक सूचना आधी एक रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत लिहायची. अक्षर चुकलं की बिघडलं. नववीत शाळा सुटली तरी माझं शुद्धलेखन सुटलं नाही, तुला माहीतच आहे. चारदा वाचून मगच एंटर दाबतो. तरी काल चुकलो. सूचनांच्या यादीत -an दिसलं. मला वाटलं, आवाज ‘आन’, म्हणजे घेऊन ये म्हणतंय. अगदी आपल्या गावचं वाटलं रे. त्याचा अर्थ निघाला, आवाज काढून टाक.

तात्या आणि काकी शेजारीच बसले होते. पडद्यावर तात्यांचे ओठ हलत होते आणि आवाज काहीच नाही. मी घाईने मूळ फाईल शोधू लागलो. तात्या मात्र बसक्या आवाजात हसले. “आरं गड्या, डॉक्टरच्या आदी तूच काडलास व्हय?” काकी चिडल्या, “आवं, गप बसा की. काय बी बोलायचं!” आणि पदराने डोळे पुसत बाहेर गेल्या. मूळ फाईल शाबूत होती. मला मात्र चहा गेला नाही.

व्हिडिओत विशेष काही नाही. कपिला व्याली, डाळिंबाला कळी लागली, असंच. शेवटी मात्र मी न सांगता त्यांनी तुला हाक मारली. लहानपणी बांधावरून मारायचे तशी, “शिवाऽऽ, ये रंऽऽ!” तेव्हा ती आमच्या दारापर्यंत यायची आणि तुझ्याआधी मीच पळत सुटायचो. काल मधेच खोकला आला, तोही ठेवलाय.

आज चित्र लहान केलं. चेहरा जरा फुटेल. चेहरा तू येऊन बघशीलच. आवाजाला मात्र हात लावला नाही, ‘आहे तसा’ अशीच सूचना दिली.

शिवतेज, परवा मिरजेला तात्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. गाठ वाईट निघाली, स्वरयंत्र काढावं लागणार. “झाल्याबिगर सांगू नगंस, पोरगं तिकडं जेवायचं न्हाई,” असं त्यांनी बजावलंय. जयराज तीन-चार दिवसांनी पोचेल तेव्हा ते झालेलं असेल, म्हणजे मी शब्द मोडला नाही. आता तू घरी फोन करशील, कुणी तरी उचलेल आणि बोलणार नाही. रेंज गेली समजून फोन ठेवू नकोस. तात्याच असतील. तू बोलत राहा.

तुझाच,
अश्फाक