विगर्टला गोव्याचं वेड

३ नोव्हेंबर १५९४

माझ्या मावसभावाचं वाटोळं होवो. योस्ट गोव्याहून परतला तेव्हा अख्ख्या एंकहाउझन गावात पहिल्यांदा जेवायला मीच बोलावलं होतं त्याला. आणि त्याने काय केलं? पोर्तुगीजांनी जिवापाड लपवलेल्या समुद्रातल्या वाटा सगळ्या लिहून काढल्या – कुठे वळायचं, कुठला वारा कधी, खडक कुठे. आता बंदरावर ज्याला त्याला पूर्वेला जायचंय. माझ्या नवऱ्यालाही!

"नेल, वाट कळली की अर्धं काम झालं," म्हणतो. उरलेलं अर्धं म्हणजे बुडणं, मी म्हटलं. हसला. मला नाही हसू आलं. माझा बाप समुद्रातच राहिला, धाकटा दीरही. विगर्ट हेरिंग मासे धरायला जातो तेवढ्यानेच माझा जीव टांगणीला लागतो.

४ नोव्हेंबर

अबोला.

६ नोव्हेंबर

योस्टला चर्चबाहेर गाठलं. "वाट तू दाखवलीस, आता घाबरवायचंही तूच. गुरुवारी जेवायला ये."

"मी खोटं बोलणार नाही हं, नेल."

"खरंच सांग. पण वाईट वाईट तेवढंच सांग."

१० नोव्हेंबर

आला मेला. वाटाण्याचं सूप वाडगेच्या वाडगे रिचवलं, मग सुरू झाला. जहाजावर प्यायच्या पाण्यात किडे पडतात. विगर्ट म्हणे, "आमच्या घरच्या बिअरमध्ये काय कमी असतात?" हिरड्या सुजून दात पडतात. "माझे उरलेत किती!" मी टेबलाखालून योस्टला लाथ मारली, ती लागली विगर्टला.

शेवटी दारात टोपी घालताना योस्ट सहज बोलून गेला, "बाकी गोव्यात त्रास काही नाही. फक्त रोज आंघोळ करावी लागते."

विगर्टचा चमचा हवेतच थांबला. "कुणाला?"

"सगळ्यांना."

"सगळं अंग?"

"डोक्यासकट. नाहीतर लोक लांब सरकून बसतात."

माझ्या नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या सगळ्या अंगाला पाणी लागलं ते लग्नाआधी, बंदरात पडला तेव्हा. त्यानंतर आता आपण मरणार म्हणून आठवडाभर झोपून होता.

११ नोव्हेंबर

न्याहारीला विगर्टने हळूच विचारलं, "रोज म्हणजे रविवारी पण?"

"रविवारी तर दोनदा," मी ठोकून दिलं. देवा, माफ कर.

१४ नोव्हेंबर

पूर्वेचं नाव नाही! जाळं विणत बसला होता. शेजारच्या आफ्येला सांगत होता, माणसाने आपला समुद्र सोडू नये. जिंकले मी! योस्टला लोण्याचा गोळा पाठवला.

कित्येक दिवसांनी नवऱ्याला बिलगून झोपले. हेरिंगचा, डांबराचा, घामाचा – सगळा वास येतो त्याला. येऊ दे. तो वास आहे तोवर माणूस घरात आहे.

१९ नोव्हेंबर

पहाटे अंथरुणात विगर्ट नव्हता. मागच्या दारी पाण्याचा आवाज. पाहते तर या थंडीत उघडाबंब, दात कडकड वाजतायत, हातात रिकामी बादली.

"काल मानेपर्यंतच जमलं होतं," म्हणाला. "आज डोकंसुद्धा भिजवलं, नेल."

मी पुसून दिलं. कसलाच वास येत नव्हता.